मुरलेल्या रमची पारख: नाक, जीभ आणि सकाळचा रिकामा ग्लास

मुरलेली रम चाखताना "छान लागली"च्या पुढे जायचं असेल तर दर घोटाला एकच गोष्ट विचारत राहावी: ही चव आली कुठून? जागा तीनच. पहिली, ऊस, आंबवण आणि गाळप (इथे गाळप म्हणजे उसाचं नव्हे, आंबवलेला द्रव उकळून त्याची वाफ थंड करून अल्कोहोल वेगळं काढणं). दुसरी, लाकडी पिंप. तिसरी, बाटली भरण्याआधी वरून घातलेला ऐवज, म्हणजे साखर, व्हॅनिला, कधी गोड वाइन. पहिल्या दोन जागांना दाद द्यायची आणि तिसरी पकडायची. कॅरिबियन रममध्ये ही फोड करणं फार गरजेचं आहे, कारण स्कॉचसारखा एकच कायदा सगळ्या बेटांना लागू नाही. एका बाटलीवरचा १२ वर्षांचा आकडा आणि दुसरीवरचा २३ वर्षांचा आकडा एकाच भाषेत बोलत असतीलच असं नाही.

तयारी फार लागत नाही. खाली फुगीर आणि तोंडाशी निमुळता ग्लास, त्यात २० ते २५ मिली रम. ब्रँडीचा मोठा गोल ग्लास दिसायला रुबाबदार, पण त्यात अल्कोहोलचा भपका साठतो आणि नाक पहिल्याच मिनिटात बधिर होतं. बर्फ नको. थंडीने वास दबतो आणि लाकडाचा तुरटपणा पुढे येतो. ओतल्यावर १० ते १५ मिनिटं ग्लासला हात लावू नये. वयाच्या प्रत्येक वर्षाला एक मिनिट थांबावं असं एक सूत्र फिरत असतं. त्याला आधार काही नाही, पण त्या निमित्ताने माणूस थांबतो, हा फायदा आहेच.

रंगावर वेळ घालवू नका. साधं कॅरमेल घालून रंग सारखा करणं बहुतेक ठिकाणी चालतं, त्यामुळे गडद म्हणजे जुनी हे गणित बसत नाही. काचेवरून सावकाश उतरणाऱ्या धारांचंही तेच. त्या अल्कोहोल किती आणि साखर आहे का एवढंच सुचवतात, वयाबद्दल काही सांगत नाहीत.

खरं काम नाकाचं. ग्लास आधी हनुवटीपाशी धरावा, मग ओठांपाशी, मग नाकाखाली. तोंड किंचित उघडं ठेवून हलका श्वास घ्यावा. ग्लास गरगर फिरवू नये, वाइनची ती सवय इथे अंगाशी येते, कारण ६० टक्क्यांची रम फिरवली की वर येतो तो नुसता अल्कोहोल. नाक थकलं की स्वतःच्या मनगटाच्या मागच्या बाजूचा वास घ्यावा आणि पुन्हा ग्लासकडे यावं.

जमैकाची रम घेऊन शिकणं सगळ्यात सोपं, कारण ती काहीच लपवत नाही. हॅम्पडेनसारख्या तिथल्या कारखान्यात आंबवण बराच काळ चालते, तीही हवेतल्या आणि लाकडी टाक्यांत मुरलेल्या रानटी यीस्टवर. आधीच्या गाळपातून उरलेलं आंबट पाणी, म्हणजे डंडर, पुन्हा वापरलं जातं. त्यातली आम्लं आणि अल्कोहोल मिळून एस्टर, म्हणजे फळांसारखा वास देणारी संयुगं, तयार होतात. ते शुद्ध अल्कोहोलच्या दर हेक्टोलिटरला किती ग्रॅम असे मोजतात. हॅम्पडेनचा 'डीओके' या खुणेचा माल १५०० ते १६०० च्या घरात असतो. १६०० ही जमैकाची वरची मर्यादा. हा माल मुळात दुसऱ्या मालात थोडासा मिसळण्यासाठीच केलेला असतो. ग्लासात हे असं दिसतं: अति पिकलेलं केळं हे आयसोअमाइल अ‍ॅसिटेट, अननस म्हणजे एथिल ब्युटिरेट, आणि नेलपॉलिशचा झणका म्हणजे एथिल अ‍ॅसिटेट. नवखा माणूस नेलपॉलिशपाशी अडतो आणि रम बिघडली असं ठरवून मोकळा होतो. १५ मिनिटांनी पुन्हा वास घ्या. झणका मागे सरून अननस, ऑलिव्हचं खारं पाणी, जुनं चामडं असं काही पुढे आलं तर रम ठणठणीत आहे. अर्ध्या तासानेही नेलपॉलिशच उरलं असेल तर मात्र नावं ठेवायला हरकत नाही. हाच वास हलक्या, कॉलम स्टिलच्या (उंच मनोऱ्यासारख्या, सलग गाळणाऱ्या यंत्राच्या) क्युबन धाटणीच्या रममध्ये आला तर तो सरळ दोष. गाळपाचा पहिला भाग नीट बाजूला काढलेला नसतो.

शेवटचा भाग उशिरापर्यंत घेतला की उलटा दोष येतो: ओलं पुठ्ठं, साबण, शिळा घाम. रबर आणि विझलेल्या आगकाडीचा वास गंधकाचा, तो बहुधा आंबवणीतून येतो. भांड्यातलं तांबं तो बराचसा शोषून घेतं, म्हणून तो राहिला असेल तर गाळपाकडे संशयाने पाहावं.

बाकीच्या ठिकाणांची ओळख थोडक्यात. बार्बाडोसमध्ये पॉट स्टिल (एका वेळी एक घाणा गाळणारं भांडं) आणि कॉलम स्टिलचा माल एकत्र मुरवायची परंपरा आहे. तिथल्या फोरस्क्वेअर कारखान्याची रम घेतली तर समतोल म्हणजे काय ते कळतं, एकही वास दुसऱ्यावर बसत नाही. गयाना मुख्य भूमीवर असलं तरी रमच्या जगात कॅरिबियनमध्येच धरतात. डेमेरारा डिस्टिलर्सकडे डायमंड इथे लाकडी स्टिल अजून चालू आहेत. पोर्ट मोरांटच्या दुहेरी लाकडी पॉट स्टिलचा माल ज्येष्ठमध आणि बडीशेपेच्या वासावरून पकडता येतो. त्रिनिदादची कॅरोनी डिस्टिलरी आता बंद आहे, पण तिच्या बाटल्या फिरतात: डांबर, पेट्रोल, तापलेला टायर. आवडणाऱ्याला वेड लावते, न आवडणाऱ्याला दुसरा घोट नको वाटतो. मार्टिनीकची रम मळीऐवजी ताज्या उसाच्या रसाची. १९९६ पासून तिला फ्रेंच एओसीचं, म्हणजे मूळ ठिकाण आणि पद्धत ठरवून देणाऱ्या नियमांचं, कडक कुंपण आहे. मुरल्यावरही तिच्यात कापलेलं गवत आणि मिरी शिल्लक राहायला हवी. नुसतं लाकूड उरलं असेल तर उसाचा रस वापरून मिळवलं काय?

आता घोट. पहिला फक्त जिभेला सवय व्हावी म्हणून, त्यावर मत बनवू नये. दुसरा २ ते ३ मिली घ्यावा, दहाएक सेकंद तोंडात फिरवावा आणि गिळून नाकाने श्वास सोडावा. लक्ष तीन ठिकाणी द्यायचं: जिभेच्या टोकाला काय लागलं, मधे चव भरली की पोकळ राहिली, आणि गिळल्यावर किती वेळ काय टिकलं. पोकळ मध्य हा सगळ्यात जास्त आढळणारा उणेपणा आहे. नाकाला भरपूर आश्वासनं, जिभेवर पाणी. बहुधा हलका माल चांगल्या पिंपात ठेवून वेळ काढलेली असते.

इथे गोडीचा प्रश्न येतो. रम उसाची म्हणून गोड असणारच, हा सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज. गाळपात साखर वर येत नाही. स्टिलमधून निघालेली रम साखरेच्या बाबतीत कोरी असते. पिंपातून येते ती बहुतांशी वासाची गोडी: व्हॅनिलिन, ओकच्या लॅक्टोनचा नारळ, युजेनॉलची लवंग. जीभ मात्र कोरडीच राहते. तपासायची युक्ती सोपी आहे. नाक चिमटीत घट्ट धरा आणि घोट घ्या. अल्कोहोलची स्वतःची किंचित गोडी सोडली तर काहीच गोड लागू नये. नाक बंद असूनही सरबतासारखं गोड लागलं, ओठ एकमेकांना चिकटले, तर साखर घातलेली आहे.

शंका आकड्यात मोजायची असेल तर अल्कोहोलचा हायड्रोमीटर घ्या, म्हणजे द्रवात तरंगणारी, खुणा असलेली काचेची दांडी. साखरेने द्रव जड होतो, त्यामुळे हायड्रोमीटर अल्कोहोल कमी दाखवतो. लिटरमागे साधारण ४ ग्रॅम साखरेला एक टक्का, असा हिशेब धरावा. लेबलवर ४० टक्के आणि हायड्रोमीटरवर ३५, तर लिटरमागे जवळपास २० ग्रॅम. चूक होते ती तापमानात. उपकरण २० अंश सेल्सिअसला जुळवलेलं असतं, आणि ४० टक्क्यांच्या आसपास दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्यांचा फरक पडतो. रम ३० अंशांवर असेल तर आकडा चार टक्के फुगतो आणि गोड केलेली रम निर्दोष सुटते. दांडीला चिकटलेला एक बुडबुडाही आकडा बिघडवतो, तो हलक्या टिचकीने उडवावा आणि डोळा द्रवाच्या पातळीवर आणून वाचावं. हायड्रोमीटर नसेल तर ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि अचूक १०० मिलीचा फ्लास्क चालतो. २० अंशांवर ४० टक्क्यांची कोरी रम १०० मिलीला ९४.८ ग्रॅम भरते. लिटरमागे २० ग्रॅम साखर असेल तर साधारण ९५.५. अल्कोहोलच्या आकड्यात एक टक्क्याच्या आतला फरक सोडून द्यावा, लाकडातून उतरलेला अंशही तेवढा असू शकतो.

युरोपीय संघाच्या २०१९ च्या नियमानुसार रममध्ये लिटरमागे २० ग्रॅमपर्यंतच गोडी चालते. त्याहून गोड मालाला रम म्हणता येत नाही, म्हणून रमच्याच शेल्फावर काही बाटल्यांवर 'स्पिरिट ड्रिंक' असं बारीक अक्षरात दिसतं. ते वाचायला विसरू नये.

पाणी घालणं हा कमीपणा नव्हे. ५५ टक्क्यांच्या वरची रम आधी तशीच चाखावी, मग ड्रॉपरने पाणी घालावं. २० मिली रम ६३ टक्क्यांची असेल तर ८ मिली पाण्याने ती ४५ वर येते. पण एकदम ओतू नका. दोन-दोन मिली घालून दर वेळी दोन मिनिटं थांबा, कारण प्रत्येक रमची एक जागा असते जिथे ती खुलते आणि तिच्या पुढे ती नुसती पातळ होते. जमैकाची बरंच पाणी सोसते. जुनी, लाकूड जास्त चढलेली रम पाण्याने कडू होते. पाणी घातल्यावर रम किंचित धूसर झाली तर घाबरायचं कारण नाही. थंड करून गाळलेली नसली की तेलकट एस्टर असे दिसतात, आणि माझ्या लेखी ती बरी खूण आहे.

वयाचा आकडा वाचताना उष्णता लक्षात ठेवावी. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला सुमारे २ टक्के उडतं, कॅरिबियनमध्ये ६ ते ८. ७ टक्के धरले तर २०० लिटरच्या पिंपात १२ वर्षांनी ८४ लिटर उरतात, २० वर्षांनी जेमतेम ४७. म्हणून बेटावर १२ वर्षं मुरलेली आणि युरोपात नेऊन १२ वर्षं ठेवलेली रम एका मापाने तोलता येत नाही. दुसरीत आंबवणीचे वास ताजे राहतात, पहिलीत लाकूड खोल जातं. उष्ण हवेत २० वर्षांपुढे बरेचदा लाकूडच जिंकतं: हिरड्या आवळल्यासारखा तुरटपणा आणि पेन्सिल तासल्याचा वास. अशी रम महाग असते, दर वेळी चांगली असतेच असं नाही.

जमैका आणि बार्बाडोसमध्ये आकडा मिश्रणातल्या सगळ्यात तरुण रमचा. सोलेराच्या (जुन्या पिंपात नवा माल मिसळत राहायच्या पद्धतीच्या) बाटलीवर तो सगळ्यात जुन्या थेंबाचाही असू शकतो. लेबलवरचं एक्सओ मार्टिनीकच्या एओसीत म्हणजे किमान सहा वर्षं. इतरत्र बरेचदा एक्सओ ही नुसती दोन अक्षरं.

बाटली उभी ठेवावी, आडवी ठेवली तर जास्त अल्कोहोल बूच खातं. अर्ध्याखाली आलेली बाटली काही महिन्यांत मिळमिळीत होते, तेव्हा तिच्यावरून मत देण्याआधी उरलेली रम छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवलेली बरी.

आणि ग्लास रात्री धुऊ नका. सकाळी तो कोरडा झालेला असतो, अल्कोहोल उडालेलं असतं, आणि तळाशी उरतं ते सहज न उडणारं. चांगल्या रमचा ग्लास धूर, कोरडं लाकूड, जळका ऊस, कोको यांचा वास देतो, आणि बोट फिरवलं तर काच जवळपास स्वच्छ लागते. साखर घातलेल्या रमचा तळ बोटाला चिकटतो आणि त्याला बेकरीच्या व्हॅनिलाचा वास येतो. दोन वेगवेगळ्या रमचे ग्लास रात्री शेजारी ठेवले असतील तर सकाळी कोणता कोणाचा हे चिठ्ठीशिवाय ओळखून पाहा.