एअर इनटेक किट घरी बसवताना: पाइप सोपा, सांधे अवघड

कंपनीचा एअर फिल्टर बॉक्स काढून त्याच्या जागी बसवायच्या या किटच्या खोक्यातून साधारण एवढंच निघतं: ॲल्युमिनियमचा एक वाकडा पाइप, शंकूसारखा फिल्टर, सिलिकॉनचे एक-दोन कपलर, चार-पाच होज क्लिपा, पत्र्याचं ब्रॅकेट आणि नशीब असेल तर हीट शील्ड, म्हणजे इंजिनाची गरमी फिल्टरपासून अडवणारा आडोसा. खोक्यावर हॉर्सपॉवरचा आकडा ठळक छापलेला असतो, तो वाचून सोडून द्यावा. बाराशे-पंधराशे सीसीच्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाला कंपनीचा फिल्टर बॉक्स फारसा अडवतच नाही. हेडलाइटच्या मागून किंवा ग्रिलजवळून तो बाहेरची थंड हवा ओढतो. किट लावल्यावर खात्रीने वाढतो तो आवाज, कारण मूळ पाइपला चिकटलेला रेझोनेटरचा पोकळ डबा आवाज दाबायलाच असतो आणि किटमध्ये तो नसतो. आवाज आवडत असेल तर किट जरूर लावा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

हीट शील्ड नसलेलं किट मात्र घेऊच नका. बाहेर ३५ अंश असताना ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीच्या बोनेटखाली हवा ६५ अंशांपर्यंत सहज जाते. केल्व्हिनमध्ये मांडलं तर ३०८ भागिले ३३८, म्हणजे हवा जवळपास ९ टक्के विरळ. फिल्टर कितीही मोकळा श्वास घेऊ दे, तो गरम हवाच ओढत असेल तर पिकअप आधीपेक्षा मंद वाटणार.

खरेदीआधी आपल्या गाडीत हवा कशी मोजली जाते ते पाहून घ्या. फिल्टर बॉक्सच्या तोंडाशीच चार-पाच वायरींचा प्लग लागलेला सेन्सर असेल तर तो एअर फ्लो सेन्सर, म्हणजे एमएएफ. तसा सेन्सर तिथे नसेल आणि इनटेक मॅनिफोल्डवर (हवा सिलिंडरांकडे वाटून नेणाऱ्या नळ्यांवर) दाब मोजणारा सेन्सर असेल तर गाडी त्या मॅप सेन्सरवर चालते, आणि पुढची बरीच कटकट वाचते. एमएएफच्या गाडीत पाइपचा आतला व्यास फार महत्त्वाचा. सेन्सर फक्त आपल्या जागेवरचा प्रवाह मोजतो. त्यावरून एकूण हवा किती याचा हिशेब ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, मूळ नळीच्या मापावरून करतो. मूळ नळी ६० मिमीची आणि किटची ७० मिमीची असेल तर क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढलं. तेवढीच हवा आता हळू वाहते, सेन्सर कमी दाखवतो, पेट्रोल कमी पडतं, मिश्रण लीन होतं. ज्या ठिकाणी सेन्सर बसणार तिथला व्यास व्हर्नियरने मोजा. एक-दोन मिमीचा फरक चालून जातो, दहाचा नाही. सेन्सर वळणाला लागूनच बसणार असेल तर तेही वाईट, कारण तिथे हवा घुसळलेली असते आणि रीडिंग नाचत राहतं.

काम सुरू करण्याआधी गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा एक स्वस्तातला ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर लावून इंजिन गरम असताना फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा, लिहून ठेवा: एकदा आयडलिंगला, एकदा २५०० आरपीएमला. हे आकडे हाताशी नसतील तर नंतर काही बिघडल्यास दोष किटचा की गाडीचा जुनाच, हे कळणार नाही. सगळ्या नळ्यांचे मोबाइलवर फोटो काढा. मग इंजिन दोन तास थंड होऊ द्या आणि दहाच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवा. म्युझिक सिस्टिमला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा.

आता एअर फ्लो सेन्सरचा प्लग. लॉक दाबून प्लग धरून ओढायचा, वायर धरून नाही. आठ-दहा वर्षं तापलेलं प्लॅस्टिक बिस्किटासारखं तुटतं. त्यानंतर इंजिनावरच्या व्हॉल्व्ह कव्हरकडून येणारी ब्रीदरची, म्हणजे इंजिनाच्या पोटातल्या वाफांची, नळी. तिला बहुतेक वेळा स्प्रिंगची क्लिप असते. पक्कडीने दोन्ही कान दाबून ती मागे सरकवा आणि नळी आधी गोल फिरवून सुटी करा, मगच ओढा. थ्रॉटल बॉडीची (ॲक्सिलरेटर दाबला की हवेची वाट उघडणाऱ्या भागाची) क्लिप सैल केली आणि फिल्टर बॉक्सचे दोन-तीन दहाचे बोल्ट काढले की बॉक्स खालच्या रबरी ग्रोमेटमधून वर खेचून निघतो. ग्रोमेट बॉक्सच्या पायाला चिकटून वर येतात आणि गडगडत खाली बंपरात जातात, तेवढं लक्ष ठेवा. थ्रॉटल बॉडीचं तोंड स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडाने झाका. गॅरेजमधलं कॉटन वेस्ट तिथे नको.

सेन्सर दोन स्क्रूंवर असतो, बऱ्याचदा चांदणीच्या टी-२० डोक्याच्या. त्याच्या आतल्या केसाएवढ्या तारेला बोट, कापड, काडी काहीही लावू नका. मळ दिसला तर फक्त एमएएफ क्लीनरचा फवारा. कार्ब क्लीनर नको. नव्या पाइपमध्ये बसवताना सेन्सरवरचा बाण इंजिनाकडे हवा. ओ-रिंग दुमडली का ते पाहा. किटच्या ॲडॉप्टरमधले आटे मऊ असतात, स्क्रू अडला की थांबायचं.

सगळ्यांत जास्त वेळ इथून पुढे लागतो आणि घाईही इथेच होते. पाइप, कपलर, ब्रॅकेट, फिल्टर सगळं आधी सैल जोडा. एकही क्लिप आवळू नका. पाइप कपलरच्या आत निदान २० मिमी गेला पाहिजे आणि क्लिप पाइपच्या कडेवरच्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे, त्यावर नाही. मग पाइप फिरवत फिरवत जागा शोधा. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन माउंटवर डोलतं आणि पाइप त्याच्याबरोबर हलतो, म्हणून आजूबाजूच्या वस्तूंपासून १५ ते २० मिमी मोकळं ठेवा. धातूचा पाइप बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलजवळून जात असेल तर टर्मिनलवर रबरी टोपी असायलाच हवी, नाहीतर एका खड्ड्यात शॉर्ट. बोनेटला लागतंय का ते पाहायला शाडूच्या मातीची लाडवाएवढी गोळी पाइपच्या सर्वांत उंच जागी ठेवा, बोनेट हलकेच टेकवून उघडा आणि चपटी झालेली गोळी मोजा. १० मिमीच्या आत असेल तर ब्रॅकेटखालचा वॉशर कमी करा किंवा पाइप थोडा फिरवा.

जागा पक्की झाली की क्लिपा आवळा: आधी थ्रॉटल बॉडीची, मग ब्रॅकेटचा बोल्ट, शेवटी फिल्टरची. साध्या स्क्रू ड्रायव्हरने मनगटाच्या जोरावर बस होतं. क्लिपेच्या फटींतून सिलिकॉन वर फुगून येऊ लागलं तर जास्त झालं. असा कपलर काही महिन्यांत तिथेच चिरतो.

ब्रीदरची नळी किटच्या पाइपवरच्या टोकाला जोडायची. काही किटांत ते टोक नसतं आणि ‘व्हॉल्व्ह कव्हरवर हा छोटा फिल्टर लावा’ असं सांगून सुटका करून घेतात. पीसीव्ही व्हॉल्व्हच्या, म्हणजे क्रँककेसमधल्या (इंजिनाच्या पोटातल्या) वाफा मॅनिफोल्डमध्ये ओढून घेणाऱ्या व्हॉल्व्हच्या, गाडीत असं करू नये. त्या छोट्या फिल्टरमधून आलेली हवा क्रँककेसमार्गे मॅनिफोल्डमध्ये जाते, पण एअर फ्लो सेन्सरने ती मोजलेलीच नसते. मग आयडलिंग डुगडुगतं, काही दिवसांनी चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी०१७१ हा कोड दिसतो, म्हणजे मिश्रण लीन. लोक ऑक्सिजन सेन्सर बदलत बसतात आणि दोष असतो पाचशे रुपयांच्या त्या फिल्टरचा.

बॅटरी जोडा, इग्निशन ऑन करून अर्धा मिनिट थांबा, मग स्टार्ट. एसी बंद ठेवून दहा मिनिटं आयडलिंगवर राहू द्या. टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीची गळती तपासायची सोपी युक्ती आहे: फिल्टर काढून पाइपच्या तोंडावर प्लॅस्टिकचं जाड झाकण दोन-तीन सेकंद घट्ट धरा. सांधे हवाबंद असतील तर इंजिन घुसमटून बंद पडतं. रडत-कुंथत चालूच राहिलं तर हवा कुठूनतरी आत येतेय. तळहाताने हे करू नका, आणि डिझेलवर तर नकोच. फवारा मारून गळती शोधायची पद्धत थ्रॉटलच्या अलीकडच्या सांध्यांवर फारशी चालत नाही. आयडलिंगला तिथे ओढ जवळपास नसतेच.

नंतर ट्रिम पुन्हा पाहा. लाँग टर्म ट्रिम उणे १० ते अधिक १० मध्ये असेल तर ठीक. आयडलिंगला अधिक १८ आणि २५०० आरपीएमला खाली येत असेल तर गळती, पहिला संशय ब्रीदरवर. सगळीकडे सारखाच किंवा लोडवर वाढत जाणारा असेल तर पाइपचा व्यास चुकलाय. तिथे क्लिपा आवळून काही होणार नाही, ट्यूनिंग तरी करा नाहीतर पाइप तरी बदला. पी०११३ हा कोड आला तर एअर फ्लो सेन्सरचा प्लग बहुधा नीट बसलेला नाही, कारण हवेचं तापमान मोजणारा सेन्सर बऱ्याच गाड्यांत त्याच प्लगमध्ये असतो. शंभरेक किलोमीटर झाल्यावर थंड इंजिनावर सगळ्या क्लिपा अर्धा आटा तपासा. गरम-थंड होऊन सिलिकॉन बसतं आणि क्लिप सैल पडते.

कापसाचा तेलवाला फिल्टर धुतल्यावर हवेच्या प्रेशरने सुकवू नका, जाळी फाटते. सावलीत पूर्ण वाळू द्या. तेल प्रत्येक घडीवर एक बारीक रेघ, बस. तेल ठिबकत असेल तर ते उडून थेट एअर फ्लो सेन्सरच्या तारेवर जमतं. आपल्या धुळीत आणि त्यातही खडी-मुरमाच्या रस्त्यांवर रोज जाणं असेल तर कोरड्या मटेरियलचा फिल्टर बरा.

राहिला पाऊस. फिल्टर खाली बंपरात नेणारी किटं कोरड्या प्रदेशासाठी ठीक, मुंबई-कोकणात नाहीत. बाराशे सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात एका सिलिंडरला ३०० सीसी येतात. कॉम्प्रेशन रेशो ११ असेल तर पिस्टन वर आल्यावर जेमतेम ३० सीसी जागा उरते. त्यापेक्षा जास्त पाणी आत गेलं, म्हणजे दोन मोठे चमचे, की पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. सबवेत गाडी बंद पडली तर सेल मारू नका, गाडी ओढून न्या. असं नुकसान साध्या विमा पॉलिसीत सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं, आणि न कळवलेला बदल सापडला तर तिथेही वाद होतो.

म्हणून मूळ फिल्टर बॉक्स भंगारात देऊ नका. ग्रोमेट, बोल्ट आणि ब्रीदरची मूळ क्लिप एका झिपच्या पिशवीत घालून पिशवी बॉक्सच्या आतच ठेवा. मे संपता संपता तो परत बसवायला तासभर पुरतो.