‘नाइटफॉल इन मिडल-अर्थ’ सलग ऐकताना

ब्लाइंड गार्डियन या जर्मन बँडचा १९९८ सालचा हा अल्बम आज सुट्टीच्या दुपारी मध्ये कुठेही न थांबता ऐकला. टॉल्किनच्या ‘द सिल्मरिलियन’ या काल्पनिक पुराणकथांच्या पुस्तकावर बेतलेल्या या पॉवर मेटल (वेगवान, भव्य सुरांचे हेवी मेटल) अल्बमचे खरे बळ हान्सी क्यूर्शच्या आवाजात आहे, तोच आवाज थरावर थर चढवून उभे केलेले समूहगान ऐकताना एखादी फौज चालून येत असल्याचा भास होतो. एल्फांचा राजा फिंगोल्फिन कथेतला महाखलनायक मॉरगॉथ याला एकट्याने द्वंद्वाचे आव्हान देतो, त्या प्रसंगावरचे ‘टाइम स्टँड्स स्टिल’ तर मला संपूर्ण अल्बमचा कळस वाटते.

मात्र २२ ट्रॅकपैकी निम्मे म्हणजे छोटे संवाद किंवा संगीताचे तुकडे असल्याने रंगलेली लय वारंवार तुटते. शिवाय पुस्तक न वाचलेल्या श्रोत्याला कोण कोणाशी का लढतो आहे, हे केवळ गाण्यांवरून उमगणे कठीण आहे (मी पुस्तक वाचले असूनही दोनदा गोंधळलो). बेरेन आणि लूथिएनची एवढी मोठी प्रेमकथा ‘व्हेन सॉरो सँग’ या एकाच वेगवान गाण्यात उरकली आहे, ही मला सर्वांत खटकलेली बाब. तिथे याच अल्बममधल्या ‘द एल्डार’सारखे पियानोवरचे संथ गाणे अधिक शोभले असते.