हॅनोव्हरमधलं लायब्निझचं दप्तर

हॅनोव्हरला बहुतेक लोक औद्योगिक प्रदर्शनांसाठी जातात. मी गेले कलनशास्त्राचा (कॅल्क्युलसचा) एक जनक, जर्मन गणिती लायब्निझ, याचे कागद पाहायला. वॉटर्लू चौकाजवळचं ग्रंथालय आता त्याच्याच नावाने ओळखलं जातं, आणि त्याची सुमारे २ लाख पानं तिथे आहेत. एवढं टिकलं कसं? १७१६ मध्ये तो वारला तेव्हा दरबाराने सगळे कागद सीलबंद केले. हा दरबारी सल्लागार, कागदांत राज्याची गुपितं असली तर? गणिताचा एवढा ठेवा वाचला तो राजकारण्यांच्या संशयामुळे!

मोठ्या तावावर सुचेल ते लिहायचं आणि मग कात्रीने तुकडे करायचे, अशी त्याची सवय. त्यामुळे दप्तरात कपटेही पुष्कळ. मूळ कागद जपायला हवेत, म्हणून माझं बरंचसं वाचन प्रतिमांवरूनच झालं.

आधी २९ ऑक्टोबर १६७५ चं, पॅरिसमध्ये लिहिलेलं टिपण काढलं. बेरजेसाठी तोवर तो एका लॅटिन शब्दाचं लघुरूप वापरत होता. इथे तो म्हणतो, त्याऐवजी लांब 'एस' लिहिणं सोयीचं होईल. झालं, संकलनाचं (इंटिग्रेशनचं) चिन्ह ∫ जन्माला आलं. गंमत म्हणजे विकलनाचा (डिफरन्शिएशनचा) 'डी' त्याच टिपणात छेदात बसलाय! ११ नोव्हेंबरच्या टिपणात तो आपल्या ओळखीच्या जागी, चलाच्या आधी (dx) येतो. ही चाचपड पाठ्यपुस्तकांत कुठे दिसणार?

पण मी खरी रमले ती वर्तुळ, लंबवर्तुळ आणि अपास्त यांच्या क्षेत्रफळांवरच्या प्रबंधात. १६७६ मध्ये पॅरिस सोडण्यापूर्वीच तो बहुतांशी लिहून झाला होता; संपूर्ण छापला गेला थेट १९९३ मध्ये. मधल्या काळात, लायब्निझने अनंतसूक्ष्म राशी (शून्य नसलेल्या, तरी कोणत्याही संख्येपेक्षा लहान) पाया न तपासता वापरल्या, असा ठपका पिढ्यानपिढ्या ठेवला गेला. इथलं सहावं प्रमेय वाचा. वक्राखालचं क्षेत्र आणि आयतांच्या पायऱ्यांचं क्षेत्र यांतला फरक कोणत्याही दिलेल्या राशीपेक्षा लहान करता येतो, हे तो नेटाने सिद्ध करतो. प्रमेय फार काटेरी आहे, अशी कबुलीही देतो. अनंतसूक्ष्म राशींना तर तो सरळ कल्पित म्हणतो. त्या 'कल्पित'चा नेमका अर्थ काय, यावर अभ्यासकांत अजून हातघाई चालू आहे. माझ्या मते, निष्काळजीपणाचा आरोप तरी आता टिकत नाही.

त्याच्या समग्र लेखनाच्या आवृत्तीचा पहिला खंड १९२३ मध्ये निघाला, आणि काम अजून संपलेलं नाही. जाणार असाल तर ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर काही पानं आधी पाहून ठेवा. लॅटिनशी आणि त्याच्या अक्षराशी झटापट घरीच सुरू केलेली बरी.