आपल्या वाचनालयात कोणती कॉमिक्स हवीत

कॉमिक्स म्हणजे लहान पोरांचं काम आणि तेही उन्हाळ्याच्या सुट्टीपुरतं, असं आपल्याकडे जळगाव-धुळे-नंदुरबारच्या बऱ्याच वाचनालयांत जणू ठरूनच गेलंय. ठेवली तरी बालविभागात सगळ्यात खालच्या कप्प्यात, आणि काही ठिकाणी तर दाखल नोंदवहीत चढवतही नाहीत, कारण काय तर "ती काय टिकणार आहेत का". मी संध्याकाळी एका तालुक्याच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर मदतीला बसते, त्यामुळे कोण काय घेऊन जातं आणि कोण काहीच न घेता परत जातं हे डोळ्यासमोर असतं. जाड कादंबऱ्यांच्या कपाटासमोर जरा वेळ उभं राहून निघून जाणारा माणूस चित्रांचं पुस्तक हातात आलं की खुर्ची ओढून बसतो, आणि तो माणूस कधी चौथीतला पोरगा असतो तर कधी बाजार समितीतून केळीचा भाव बघून आलेले आप्पा असतात. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, कॉमिक्स मोठ्यांच्या विभागात पण पाहिजेत, आणि त्यातली सगळ्यात आधी घ्यायची दोन तर आपल्याच मातीतली आहेत, त्यांच्याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे.

आधी लहान मुलांचं पटकन उरकते. चिंटूचे संग्रह घ्याच, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांनी १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये सुरू केलेला हा पोरगा अजूनही मुलांना आपल्या गल्लीतला वाटतो, पप्पू, मिनी, बगळ्या, जोशीकाकू सगळे, आणि एका पट्टीत तीन-चार चौकटी म्हणजे ज्याला वाचायला वेळ लागतो त्यालाही एक गोष्ट पूर्ण केल्याचा आनंद मिळतो. आमच्याकडे घरी अहिराणी बोलणारी कितीतरी मुलं येतात, पावरी-भिली बोलणारी पण येतात, त्यांना पुस्तकातली मराठी सुरुवातीला जडच जाते, तिथे चित्र हात धरून पुढे नेतं. एक पोरगा शेजारच्याला चिंटूची पूर्ण पट्टी अहिराणीत सांगत होता, "दख ना भो, हाऊ आते पयना", म्हणजे बघ ना भाऊ, हा आता पळाला, आणि दोघं हसून हसून वाकले होते. याला वाचन म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

टिंकल हे मुलांचं इंग्रजी कॉमिक १९८० पासून चालू आहे, सुपंडी आणि शिकारी शंभू आमच्या पिढीलाही माहीत आणि आत्ताच्या मुलांनाही, इंग्रजीची भीती घालवायला त्याच्याइतकं सोपं काही नाही. हिंदीत प्राण यांचा चाचा चौधरी आहे, राज कॉमिक्सचा नागराज आहे, सुपर कमांडो ध्रुव आहे. मला यातला ध्रुव सगळ्यात आवडतो, कारण त्याच्याकडे कुठली दैवी शक्ती नाही, सर्कशीत वाढलेला पोरगा, डोकं चालवतो आणि प्राणी-पक्ष्यांशी बोलतो. आणि हिंदीचं म्हणाल तर आपल्याला ती काही परकी नाही, रावेरवाल्याला बऱ्हाणपूर जवळ आणि शिरपूरवाल्याला सेंधवा, निम्मी सोयरीक तिकडची, त्यामुळे मराठीत नाही म्हणून अडून बसायचं कारण नाही.

अमर चित्र कथा बहुतेक ठिकाणी असतातच. अनंत पैंनी १९६७ मध्ये सुरू केली, राम वाईरकरांची चित्रं, आपल्यातल्या कितीतरी जणांना महाभारत आधी तिथेच भेटलं. पण जुने अंक मुलांच्या हातात देताना मी त्यांच्याशी बोलते, कारण बऱ्याच अंकांत देव गोरे आणि राक्षस काळे रंगवलेत, आणि बायका सुंदर दिसण्यापलीकडे फारसं काही करत नाहीत. पुस्तक काढून टाकू नका, मुलांना विचारा की असं का काढलं असेल, सातवी-आठवीच्या मुली याच्यावर फार नीट बोलतात.

आता मोठ्यांचं.

पहिलं नाव भीमायन. २०११ मध्ये नवयाना प्रकाशनाने इंग्रजीत काढलं, एकलव्य या संस्थेची हिंदी आवृत्ती आहे, आपल्या वाचनालयांना हिंदीच घ्या म्हणेन मी. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड आदिवासी चित्रकारांची, लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं. बाबासाहेबांना आयुष्यात पाणी, निवारा आणि प्रवास या तीन गोष्टींसाठी काय काय सोसावं लागलं ते यात आहे. यात नेहमीच्या कॉमिकसारख्या चौकोनी चौकटी नाहीतच, पानावर गोंड नक्षीच्या वळणदार पट्ट्या आहेत आणि त्यांच्या आतून-बाहेरून माणसं, झाडं, प्राणी मोकळे फिरतात. आणि बोलण्याचे फुगे बघा. जो माणूस माणुसकीनं बोलतो त्याच्या शब्दांचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, आणि जो शिवाशिवीचं विष ओकतो त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. एकदा हे लक्षात आलं की माणूस अक्षरं वाचायच्या आधीच ओळखतो की आता टोचणार आहे. आमच्याकडे एक मावशी आहेत, वाचता येतं पण सवय सुटलेली, त्यांनी पूर्ण पुस्तक नांगीवर बोट ठेवत ठेवत वाचलं.

आणि आपल्यासाठी यातला प्रवासाचा भाग सगळ्यात जवळचा, कारण टांग्याची ती घटना आपल्या चाळीसगावची आहे. बाबासाहेबांनी स्वतः ती आपल्या आठवणींत लिहून ठेवलीय. १९२९ साल, ते धुळ्याहून एका प्रकरणाची चौकशी करून मुंबईला परत निघाले होते, चाळीसगाव स्टेशनवर तिथल्या अस्पृश्य समाजाची मंडळी आली आणि रात्रभर थांबा म्हणाली. वस्ती नदीपलीकडे. टांगेवाला त्यांना घेऊन टांगा हाकायला तयार होईना, आणि पाहुण्याला पायी न्यायचं हे लोकांच्या मनाला पटेना, तो त्यांच्या मानाचा प्रश्न होता. मग तोड अशी निघाली की टांगा भाड्याने द्यायचा पण टांगेवाला हाकणार नाही, आणि हाकायला बसला त्यांच्यातलाच एक जण ज्याने आधी कधी टांगा हाकला नव्हता. पुलावर टांगा आदळला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पायाचं हाड मोडलं. विलायतेतून शिकून आलेला बॅरिस्टर, आणि त्याला टांग्यात बसवून हाकायला गावातला एक टांगेवाला तयार नाही. मी चाळीसगाव स्टेशनवरून किती वेळा गेलेय, माझ्याबरोबर शिकलेल्या कुणालाही शाळेत हे सांगितलं नव्हतं. खान्देशातल्या प्रत्येक वाचनालयात हे पुस्तक असावं असं मला अगदी मनापासून वाटतं, आणि ६ डिसेंबर किंवा १४ एप्रिलला टेबलावर मांडून दुसऱ्या दिवशी परत कपाटात टाकायला नाही, वर्षभर हाताला येईल असं.

याच्याबरोबर 'अ गार्डनर इन द वेस्टलँड' पण घ्या, जोतीरावांच्या १८७३ च्या गुलामगिरीवर श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनान यांनी केलेलं, काळ्या-पांढऱ्या चित्रांचं. कॉलेजच्या मुलांना चालतं. गुलामगिरी मूळ वाचायला घेतली आणि अर्ध्यात ठेवली असे जे बरेच असतात त्यांनी हे आधी बघावं आणि मग मूळ परत उघडावं.

दुसरं नाव ओरिजित सेन यांचं 'रिव्हर ऑफ स्टोरीज'. १९९४ मध्ये कल्पवृक्ष संस्थेनं काढलेलं, भारतातली पहिली ग्राफिक कादंबरी, म्हणजे चित्रांतून सांगितलेली कादंबरी, म्हणून याचंच नाव घेतात, आणि विषय कुठला तर नर्मदेवरचं धरण. म्हणजे आपलं नंदुरबार, अक्कलकुवा आणि धडगाव. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली ३३ गावं गेली ती सगळी याच दोन तालुक्यांतली, पहिलं मणिबेली, आणि तिथली माणसं खाली तळोदा-शहाद्याकडे वसवली. आपण शहाद्याच्या बाजारात ज्यांच्या शेजारी उभं राहून भाजी घेतो त्यांच्यातल्या कितींचं मूळ गाव आज पाण्याखाली आहे, आणि त्यांच्यावरचं पुस्तक दिल्ली-चेन्नईत वाचलं जातं पण तळोद्याच्या कपाटात नाही, हे मला पटत नाही.

पुस्तकात दोन धागे एकत्र चालतात. एक विष्णू नावाचा तरुण पत्रकार, जो शहरातून धरणाची बातमी करायला येतो, आणि दुसरा मलगू गायन, जो हातात वाद्य घेऊन सृष्टी कशी झाली, नदी कशी आली ते गातो. पत्रकाराचा भाग साध्या स्वच्छ रेषेत आणि गाण्याचा भाग आला की चित्रांचा पोतच बदलतो, भिंतीवरच्या चित्रांसारखी दाट, हलती, चौकटीत न मावणारी. दोन्हीकडे नदी आहे पण एकीकडे ती योजनेच्या नकाशावरची आणि दुसरीकडे गाण्यातली. सातपुड्यात गायणा, म्हणजे अशी सृष्टीची गाणी, ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. धडगावकडच्या एका कॉलेजच्या मुलीला मी हे दिलं, इंग्रजी तिला जेमतेम, पण गाण्याची पानं तिने सरसर उलटली आणि मला सांगत बसली की आमच्याकडे ही गोष्ट थोडी वेगळी सांगतात, आणि मग ती वेगळी कशी ते सांगता सांगता वाचनालय बंद करायची वेळ झाली. बरीच वर्षं हे पुस्तक मिळतच नव्हतं, २०२२ मध्ये ब्लाफ्ट प्रकाशनाने नवीन आवृत्ती काढली, आता मिळतं. कुणी हे मराठीत आणावं, आणि अहिराणीत नाहीतर भिलीत आणलं तर त्याहून भारी.

बाहेरच्या देशांतली दोनच सांगते, बाकी नंतर घेता येतील. मार्जान सत्रापींचं 'पर्सेपोलिस', इराणच्या १९७९ च्या क्रांतीनंतर मोठी होत गेलेली मुलगी, सगळं काळं-पांढरं. पहिल्याच पानावर दहा वर्षांची मार्जी डोक्यावर हिजाब घालून बसलेली, आणि लगेच पुढच्या चौकटीत वर्गाचा फोटो, ती सगळ्यात डाव्या टोकाला, म्हणजे चौकटीने तिला जवळजवळ कापूनच टाकलंय. बाई कशी पुसली जाते हे एका चौकटीत. नर्सिंगला शिकणाऱ्या, डीएडच्या मुली हे पुस्तक एकमेकींना देतात, वाचनालयात परत यायला उशीर होतो आणि मी दंड लावत नाही. यात तुरुंगातले छळाचे प्रसंग आहेत, म्हणून अकरावी-बारावीच्या पुढेच द्या.

दुसरं आर्ट स्पीगलमन यांचं 'माऊस', ज्यू उंदीर आणि नाझी मांजरं, लेखक आपल्या बापाला विचारत बसतो की छळछावणीतून तू कसा वाचलास, आणि बाप सांगतो पण मधेच चिडतो, औषधाच्या गोळ्या मोजतो, पैशावरून कटकट करतो. १९९२ मध्ये याला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. म्हातारी माणसं असलेल्या घरातल्या कुणालाही हा बाप ओळखीचा वाटेल.

आता ठेवायचं कसं, कारण तिथेच सगळं अडतं. कॉमिक्सना खाकी कव्हर घालू नका, मुखपृष्ठ दिसलं नाही तर ते पुस्तक कुणी उचलत नाही. तोंड समोर करून ठेवा, रॅक नसेल तर भिंतीला दोरी बांधून चिमट्याने लावा, पातळ अंकांना ते बरं पडतं. पिनेवरचे अंक आल्या आल्या दाभणाने शिवून घ्या, तीन-चार अंक एकत्र बांधू नका, एकाच वाचकाकडे चार अडकतात. दाखल क्रमांक द्या, शिक्का मारा पण चित्रावर नको. आणि मोठ्यांची पुस्तकं बालविभागात टाकू नका, नाहीतर माऊसवरचा उंदीर बघून सहा वर्षांचं पोर घेऊन जाईल. एका गावात मी कॉमिक्सच्या कपाटाला कुलूप बघितलंय, चावी सचिवांच्या घरी, पुस्तकं अगदी कोरी करकरीत, असं काही करू नका.

अनुदानातून वर्षाला घ्यायच्या यादीत कार्यकारी मंडळाला पटवायचं असेल तर भीमायनपासून सुरू करा, त्याला सहसा कुणी नाही म्हणत नाही, आणि एकदा ते टेबलावर आलं की बाकीच्यांची वाट मोकळी होते. जुन्या मंडळींना वळवायचं असेल तर वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० चालली, मराठीतही यायची, वेताळ, मँड्रेक, आबिद सुरतींचा बहादूर. मगाशी म्हटलं त्या आप्पांना वेताळाच्या कवटीच्या गुहेचं नाव काढलं की ते खुर्चीतून पुढे सरकतात आणि मग अर्धा तास डायना, तूफान घोडा आणि वाघ्या लांडगा. असे मराठी इंद्रजाल कुणाच्या माळ्यावर, कोठीत, ट्रंकेत पडले असतील तर या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला किलोवर घालू नका, जवळच्या वाचनालयात नेऊन द्या, पानं सुटली असली तरी चालेल, शिवता येतात.