खिशात मावणारा गिंबल कॅमेरा

मोबाइल हाती असताना वेगळा कॅमेरा कशाला, हा घरच्यांचा प्रश्न रास्तच होता. तरीही मी डीजेआय ऑस्मो पॉकेट ३ घेतला. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या या १७९ ग्रॅम वजनाच्या कॅमेऱ्यात एक इंची सेन्सर आहे आणि आधीच्या पॉकेट २ मधील लहान सेन्सरच्या तुलनेत त्याचे संधिप्रकाशातले चित्रण पुष्कळ स्वच्छ येते; निवड करताना मला हाच मुद्दा निर्णायक वाटला. दोन इंची पडदा आडवा फिरवला की कॅमेरा आपोआप सुरू होतो, या सोयीचे मोल मात्र वापरल्यावरच कळले.

गिंबलच्या, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या यंत्रणेच्या, तीन मोटारी हाताचे कलणे, वळणे, डुलणे सावरतात. पण चालताना पावलागणिक शरीर वरखाली होते, तो हेलकावा त्यांच्या आवाक्याबाहेरचा असतो. माझ्या पहिल्या चित्रणात शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा होडीतून टिपल्यासारखा दिसत होता. आता मी गुडघे किंचित वाकवून, आधी टाच टेकवत आणि कोपर बरगडीशी धरून चालतो. पाहणाऱ्यांना हसू येते, येवो बापडे.

भिंगाचे प्रकाश आत घेणारे छिद्र एफ २.० या मापावर कायम असल्यामुळे सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रणात हालचाल नैसर्गिक दिसावी म्हणून शटर १/५० सेकंदावर ठेवायचे, तर भर उन्हात एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) लावावाच लागतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने याच शटरवर ट्यूबलाइटची लुकलुकही टळते. कॅमेरा जलरोधक नाही, त्यामुळे पावसाची सर आली की तो मुकाट्याने पिशवीत जातो.