शेतीखात्याच्या गॅरंटीवर डोंगरात घर: यूएसडीए लोनचा माझा अनुभव

यूएसडीए लोनबद्दल, म्हणजे ग्रामीण भागात घर घेण्यासाठीच्या कर्जाबद्दल, अमेरिकेतले बरेच मराठी लोक विचारतात म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. यूएसडीए म्हणजे अमेरिकेचं शेतीखातं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अरे तू कॉलेजात शिकवतोस, शेतीखातं तुला कशाला कर्ज देतंय?" तर शेतकरी असायची गरज नाही, घर ग्रामीण भागात हवं आणि त्यात स्वतः राहायला हवं, बास. आणि पैसे खातं देतच नाही, बँक देते, खातं फक्त बँकेला ९० टक्क्यांपर्यंत गॅरंटी देतं. कमी उत्पन्नवाल्यांसाठी खात्याचं थेट लोन वेगळं असतं, त्यात आम्ही बसत नव्हतो.

डाउनपेमेंट शून्य, हे मुख्य आकर्षण. त्याबदल्यात सुरुवातीला १ टक्का गॅरंटी फी, जी लोनमध्येच टाकता येते, आणि मग दरवर्षी उरलेल्या रकमेवर ०.३५ टक्के. म्हणजे अडीच लाख डॉलरच्या लोनवर पहिल्या वर्षी महिन्याला साधारण ७३ डॉलर जास्तीचे. ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप लागते, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर मिळत नाही. क्रेडिट स्कोअर (कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारे गुण) ६४० च्या वर असेल तर अर्ज खात्याच्या संगणकीय सिस्टीममधून बरेचदा सरळ पास होतो. उत्पन्नाला वरची मर्यादा आहे, त्या भागाच्या मीडियन म्हणजे मधल्या उत्पन्नाच्या ११५ टक्के, आणि यात घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांची कमाई धरतात, लोनवर त्यांचं नाव असो वा नसो. भाऊ नोकरी करून तुमच्याकडे राहत असेल तर तोही आला. मुलांची आणि डे-केअरच्या खर्चाची वजावट मिळते, ती मागून घ्या, आमच्या लोन ऑफिसरने आपणहून काही सांगितलं नाही.

इथपर्यंत सगळं कागदाचं काम आहे, ते होतं. खरी गंमत घर बघायला लागल्यावर.

आम्ही राहतो नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या ॲश काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा), राज्याच्या अगदी वायव्य कोपऱ्यात, एका बाजूला व्हर्जिनिया, एका बाजूला टेनेसी. लोकवस्ती साधारण २७ हजार, मोठं शहर एकही नाही, त्यामुळे अख्खी काउंटी या लोनला चालते. पूर्वी या भागाला 'लॉस्ट प्रॉव्हिन्सेस' म्हणायचे कारण डोंगर उतरून आपल्याच राज्यात जाण्यापेक्षा पलीकडे जाणं सोपं होतं, रेल्वेसुद्धा व्हर्जिनियाकडून आली. नदीही उलटी, न्यू रिव्हर, उत्तरेकडे वाहते. सत्तरच्या दशकात तिच्यावर मोठं धरण होणार होतं, लोक भांडले आणि १९७६ मध्ये ते कायमचं थांबवलं. लोक तसेच आहेत अजून, शांत पण हटणार नाहीत. वीज को-ऑपरेटिव्हची, फायबर इंटरनेटही को-ऑपरेटिव्हचं, म्हणजे बिल भरणारा तोच सभासद, आपल्याकडच्या साखर कारखान्यासारखं (राजकारण कमी, असं मला तरी वाटतं). या वीजसंस्था १९३५ नंतर सरकारी ग्रामीण कर्जावरच उभ्या राहिल्या आणि ते काम आज त्याच शेतीखात्याच्या ज्या विभागाकडे आहे तोच आमच्या लोनला गॅरंटी देतो.

तर घर. पहिलं आवडलेलं घर रस्त्यावर अडकलं. इथे निम्मी घरं खाजगी खडीच्या रस्त्यावर असतात, चार शेजारी मिळून वापरतात, आणि कोणी काय दुरुस्त करायचं हे तोंडी ठरलेलं असतं. लोनला मात्र कायमचा, रजिस्टर केलेला वहिवाटीचा हक्क दाखवावा लागतो आणि रस्ता कोण राखणार तेही. सप्टेंबर २०२४ च्या हेलन वादळात या डोंगरांत कित्येक खाजगी रस्ते आणि पूल वाहून गेले, तेव्हापासून हा प्रश्न कोणी हसण्यावारी नेत नाही. विकणारे आजोबा म्हणाले, आमच्या वडलांपासून असंच चालत आलंय, सही कसली मागता? शेजाऱ्याने सही दिली नाही. सोडलं घर.

दुसऱ्या घरात सेप्टिक. जाहिरातीत तीन बेडरूम, काउंटीच्या सेप्टिक परमिटवर दोन. परमिट बेडरूमच्या संख्येवर मिळतं, त्यामुळे तिसरी खोली हिशोबात बेडरूमच नाही. आम्ही तो मुद्दा धरून किंमत कमी करून घेतली आणि तेच घर घेतलं. बोअरच्या पाण्याची तपासणी झाली, त्यात कॉलिफॉर्म बॅक्टेरिया (पाणी दूषित असल्याची खूण) निघाले, मालकाने क्लोरीन टाकून बोअर साफ केली, परत सॅम्पल, मग पास.

आणि मग ख्रिसमस ट्री! मागच्या उतारावर फ्रेझर फरच्या रांगा. हे झाड नैसर्गिकरित्या फक्त याच दक्षिण ॲपलॅशियनच्या उंच शिखरांवर उगवतं आणि ॲश काउंटी म्हणजे त्याच्या शेतीचं मोठं केंद्र, विकण्याजोगं व्हायला दहा-बारा वर्षं लागतात. पण या लोनमध्ये मुख्यतः धंद्यासाठी वापरलेली जमीन चालत नाही. म्हणजे शेतीखातं विचारतंय की ही शेती तर नाही ना 😄 अप्रेझरने (घराची किंमत ठरवणाऱ्याने) फोटो काढले, अंडररायटरने (बँकेत कर्ज मंजूर करणाऱ्याने) पत्र मागितलं, शेवटी झाडं जुनी, न छाटलेली, कोणी विकत नाही असं लिहून दिल्यावर सुटलं.

बँकेने हो म्हटल्यावरही फाईल खात्याच्या ऑफिसात जाते आणि तिथून कमिटमेंट, म्हणजे गॅरंटीचं लेखी आश्वासन, आल्याशिवाय क्लोजिंग, म्हणजे खरेदीचा शेवटचा व्यवहार, होत नाही, तेव्हा मालकाला तारीख देताना तो वेळ धरा. नॉर्थ कॅरोलिनात ड्यू डिलिजन्स फी (घर तपासायला वेळ मिळावा म्हणून द्यायची रक्कम) थेट मालकाच्या खिशात जाते आणि सहसा परत मिळत नाही, म्हणून ती द्यायच्या आधीच सेप्टिक परमिट आणि रस्त्याचा कागद मागा, दोन्ही सरकारी रेकॉर्डमध्ये सापडतात. क्लोजिंग इथे वकील करतो. आणि शक्यतो १ ऑक्टोबरच्या आसपासची तारीख घेऊ नका, तेव्हा सरकारचं नवं आर्थिक वर्ष सुरू होतं आणि बजेट अडकून सरकारी कामकाज थांबलं (शटडाउन) की कमिटमेंट देणंच बंद होतं, २०१८-१९ च्या शटडाउनमध्ये ३५ दिवस लोक असेच लटकले होते.