बुटक्या पायऱ्या

आई अमेरिकेत आली की तिसऱ्या आठवड्यात प्रश्न पडतो, आता हिला काय दाखवायचं? गोल्डन गेट झालेला असतो, लिव्हरमोरचं देऊळ झालेलं असतं, कॉस्टको तर दोनदा. मग उरतं ते सॅन होजेचं विंचेस्टर हाउस. "भुतांचं घर आहे," मी म्हटलं.

"आणि तिकीट काढून जायचं? आमच्या गावात फुकट होतं," आई म्हणाली. तिकीट केवढ्याचं, हे मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

समोर रस्त्यापलीकडे सँटाना रोची झगमगीत दुकानं, आणि अलीकडे हे फिकट पिवळं, लाल छपरांचं, कळस-कंगोऱ्यांचं अवाढव्य प्रकरण. १६० खोल्या, २,००० दारं, ४७ जिने, खिडक्या म्हणे दहा हजार. "झाडते कोण?" हा आईचा पहिला प्रश्न.

गाइड मुलगी उत्साही होती. आवाज खाली आणून तिने ठरलेली गोष्ट सुरू केली. सेरा विंचेस्टर, बंदुकांच्या कारखानदाराची सून. १८६६ साली मुलगी झाली, ती दीड महिनाही जगली नाही. १८८१ मध्ये नवरा क्षयाने गेला. अफाट पैसा आणि मागे कोणी नाही. मग बोस्टनच्या कुणा मांत्रिकाने सांगितलं, विंचेस्टर रायफलीने मेलेल्यांचे आत्मे तुझ्या मागे लागलेत, पश्चिमेला जा, घर बांध आणि बांधकाम थांबवू नकोस. म्हणून ती इकडे आली, १८८६ मध्ये आठ खोल्यांचं शेतघर घेतलं आणि रात्रंदिवस ३६ वर्षं बांधत राहिली.

यातलं मुलीचं, नवऱ्याचं आणि घर घेतल्याचं खरं, मांत्रिकाचं आणि रात्रंदिवसचं नाही. मांत्रिकाच्या भेटीचा पुरावा कुठेच नाही, आणि कंटाळा आला की बाई सुतारांना खुशाल महिनोन्‌महिने सुट्टी देत असे. हे मी घरूनच वाचून गेले होते आणि आईला कानात सांगत होते. ती म्हणाली, "अगं गप्प, ती पोरगी किती मन लावून सांगतेय."

भिंतीत उघडणारं कपाट, छताला जाऊन थांबणारा जिना हे सगळं झालं. दुसऱ्या मजल्यावर एक दार आहे, उघडलं की थेट खाली अंगण. भुतांना चकवायला, असं म्हणतात. आईने मान बाहेर काढून पाहिलं. "पुढची खोली राहिली असेल. आपण नाही का वरच्या मजल्यासाठी गच्चीवर सळया मोकळ्या सोडत?" किंवा पुढचं पडलं असेल. १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपात या घराचा सात मजली मनोरा कोसळला, वरचे मजले गेले. बाई त्या पहाटे पुढच्या खोलीत अडकल्या म्हणे, नोकरांनी बाहेर काढल्या. पडलेलं त्यांनी पुन्हा उभं केलं नाही, फक्त उतरवून टाकलं. जिने आणि दारं मात्र जिथल्या तिथे.

मग आला तो जिना. ४४ पायऱ्या, सात वळणं आणि एवढं करून चढ साधारण नऊ फुटांचा. एकेक पायरी दोन-अडीच इंचांची. कुणी म्हणालं भुतं गोंधळावीत म्हणून, मंडळी हसली. आईने कठड्याला धरलं, पहिल्या पायरीवर पाय ठेवला, दुसरा शेजारी आणला नाही, सरळ पुढच्या पायरीवर टाकला. आमच्याकडे आल्यापासून ती एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकवतच चढते. चार पायऱ्या चढून ती थांबली आणि मागे वळून मराठीतच म्हणाली, "बाईचे गुडघे दुखत होते."

गाइड आमच्याकडे पाहत राहिली. मी भाषांतर केलं. तीच गोष्ट ती पुढच्या वाक्यात सांगणार होती: सेराबाईंना संधिवात होता. तिचा जरा विरसच झाला.

त्यानंतर आई माझ्या पुढे चालायला लागली. झाडांच्या खोलीत फळ्या उचलून दाखवल्या; खाली जस्ताचा पत्रा, कुंड्यांना घातलेलं जास्तीचं पाणी नळीने खालच्या बागेला जायचं. "न्हाणीचं पाणी केळींना," आई म्हणाली. पुढे आत्म्यांशी बोलायची निळी खोली आली, तिथे तिने जांभई दिली.

बाहेर बाकावर बसल्यावर तिने आमच्या गावच्या आक्कांची आठवण काढली. देवगडच्या बाजूला, चिऱ्याचं मोठं घर, नवरा लवकर गेलेला, मूल नाही. दिरांना वाटणी मागू दिली नाही, स्वतः उभं राहून पडवी वाढवली, गवंड्याशी भांडून. त्या घरात समंध आहे असं सगळी वाडी म्हणायची. आम्हा पोरांना तिन्हीसांजेनंतर तिकडे जायची बंदी. "तुला दिसला कधी?" मी विचारलं. "मला आक्का दिसायच्या. कंदील घेऊन हिशेब लिहीत बसलेल्या."

सेराबाईंबद्दल वर्तमानपत्रं त्यांच्या हयातीतच असलं काहीबाही छापत. त्यांनी कधी खुलासा केला नाही, मुलाखत दिली नाही. सप्टेंबर १९२२ मध्ये त्या गेल्या. घर भाड्याने घेणारा गृहस्थ रोलर कोस्टरच्या धंद्यातला. १९२३ च्या उन्हाळ्यात त्याने तिकीट लावलं. वर्षश्राद्धाच्याही आधी.

येताना दुकानातून आईने काही घेतलं नाही. घरी आलो. आमचं तीन मजली टाउनहाउस, खाली गॅरेज, स्वयंपाकघर वर. आई पाचव्या पायरीवर बसली, पर्समधून शिवणाची टेप काढली आणि पायरीची उंची मोजली.

"साडेसात," ती म्हणाली. "हे कुणी बांधलं गं?"